माझी हिरडी आणि साडूची बत्तीशी

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७
आज दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कारण क्षुल्लक. फ्रिजमधलं पाणी प्यायलो की वरच्या डाव्या सुळ्यातून कळ निघते ती थेट डोळ्यापर्यंत जाते. वर्षभर सहन केली. पण रविवारी साडूच्या देखत कळ आली आणि माझं तोंड वाकडं झालं. साडूने काय करावं? स्वतःच्या ग्लासातला बर्फ कडाकडा चावून खाल्ला. वर हसला. बत्तीसच्या बत्तीस दिसले. तिथेच ठरवलं, डॉक्टर गाठायचा.

साडूचं काय जातं हसायला? नळ आणि बेसिनच्या शोरूममध्ये दिवसभर गिऱ्हाइकांना दात दाखवायचाच त्याला पगार मिळतो. हिच्या ताईने त्याला दातांवरूनच पसंत केला असं ही एकदा म्हणाली होती. मला कशावरून पसंत केलं ते विचारलं तर म्हणाली, आठवत नाही.

डॉक्टरबाई माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मला काका म्हणतात. मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हिरडीत घालून मोजत गेल्या. दोन, दोन, तीन, चार. चारला थांबल्या. म्हणाल्या, काका, हिरडी सरकलीय, सुळ्याचं मूळ उघडं पडलंय, म्हणून कळ येते. दात थोडा हलतोय. असंच चाललं तर जाईल.
परत कधी येईल, असं विचारलं. हिरडी. त्या म्हणाल्या, गेलेली हिरडी आपणहून येत नाही. आहे ती सांभाळायची.
अनुभव कमी आहे बाईंना. नखं वाढतात, केस वाढतात (माझे नाही, पण एकूण माणसांचे). हिरडीनेच काय घोडं मारलंय?

कारणंही सांगितली. किटण साचून हिरडी सुजणं. माझ्या दातांवर किटणाची टिकायची हिंमत नाही, हे त्यांनीही कबूल केलं. तंबाखू. कधी शिवलो नाही. जन्मजात पातळ हिरड्या. असतील, आईकडून. झोपेत दात खाणं. छे! जोरात ब्रश करणं. मी जोरात करत नाही, नीट करतो. फरक आहे. थोडक्यात, माझ्यात एकही कारण सापडलं नाही.

सॉफ्ट ब्रश वापरायला सांगितलाय. सहा आठवड्यांनी बघणार. तोपर्यंत माझा हात सुधारला तर टाळूची कातडी काढून सुळ्यावर शिवता येईल म्हणे. नाही सुधारला तर शिवून उपयोग नाही, पुन्हा घासून जाईल. माझा हात! बावीस वर्षं लाकडाला पॉलिश करणारा हात सुधारायचा!
संकल्प: २३ मार्चला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सगळ्यांचा फोटो निघणार. तोपर्यंत हिरडी जागेवर आणायची आणि साडूच्या शेजारी उभं राहून तोंडभर हसायचं.

५ फेब्रुवारी. सकाळी ६.१०
श्रीगणेशा. तीन ब्रश आणले. हार्ड, मीडियम, सॉफ्ट. बाईंनी फक्त सॉफ्ट सांगितला, पण घासकामातलं ज्याला कळतं त्याला पुढचं सांगावं लागत नाही. कपाटाला कुणी पहिल्या फटक्यात बारीक पॉलिश पेपर लावतं का? आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. बाईंनी शेवटचा नंबर सांगितला. आधीचे दोन माणसाने समजून घ्यायचे.
प्रत्येकी दोन मिनिटं. थुंकी गुलाबी. म्हणजे रक्त खेळतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार
साडू आणि ताई उद्यापासून दोन आठवडे आमच्याकडे. त्यांच्या घराला रंग लावायचाय. एवढी हॉटेलं आहेत जगात.
हिने आज दुकानातून माउथवॉश आणला. निळा, मोठी बाटली. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. पर्समध्ये पुदिन्याच्या गोळ्याही दिसल्या. साडू येणार आणि आदल्या दिवशी माउथवॉश. मी बोलणाऱ्यांतला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७
साडूचं ब्रशिंग पाहिलं. मुद्दाम नाही. पॅसेजमध्ये बुटांना पॉलिश करत होतो, त्याचं दार उघडं होतं. बूट आधीच चकचकीत होते ही गोष्ट वेगळी.
ब्रश दोन बोटांत, पेन्सिल धरावी तसा. जरा तिरका. एकेका दातावर इवलासा गोल. आवाज नाही, फेस नाही, घाम नाही. याला ब्रश करणं म्हणायचं? दातांना गुदगुल्या करतोय नुसत्या. मी ब्रश करतो तेव्हा हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.
आणि हिरड्या बघाव्यात त्याच्या. तान्ह्या बाळाच्या टाचेसारख्या. नशीब एकेकाचं. कष्ट करायचे आम्ही आणि हिरड्या यांच्या.

१२ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात साडूने कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक म्हणे शोरूममधल्याच शॉवरखाली उभं राहून नळ सोडून बघत होतं. ही पोट धरून हसली. एवढं काय हसण्यासारखं होतं? मी आत गेलो तशी ही गप्प झाली, तोंडावर पदर धरला आणि सिंककडे वळली.
माझ्या बोलण्यावर ही शेवटची कधी हसली ते आठवून बघितलं. वर्ष झालं असेल. अर्थात मी वर्षभर कमीच बोलतो. बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं की सुळा दिसतो. म्हणून तोंडावर हात ठेवून बोलायची सवय लावून घेतलीय. कुणाच्या लक्षात येत नाही, इतकी सफाई आलीय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
ही माझ्याशी बोलताना आता चार पावलं लांबूनच बोलते. वाक्य संपलं की मान फिरवते. साडूशी मात्र समोरासमोर. दोन मिनिटांची तीन मिनिटं केली प्रत्येक ब्रशची. एकूण नऊ. ज्याला जळायचं त्याने जळावं, मी कामाला लागणारा माणूस आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
आज वर्कशॉपमध्ये नको ते झालं. अक्रोडाचं व्हीनियर लावलेलं गोल टेबल. व्हीनियर म्हणजे लाकडाचा कागदाएवढा पापुद्रा, घासताना हात जपावा लागतो. मी जपतोच. पण कड घासताना डोक्यात माउथवॉश घोळत होता. हाताखाली बघतो तर पापुद्रा गेलेला आणि खालचं पांढरं प्लाय बाहेर. बोटभर.
मालक येऊन उभे राहिले. उस्ताद, हात हलका ठेवा, म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी असं म्हटलं. आणि तेही डॉक्टरबाईंनी म्हटल्यावर दोन आठवड्यांच्या आत. माझ्या हाताच्या मागे लागलेत सगळे.

१८ फेब्रुवारी
डब्याबरोबर वर्कशॉपमध्येही ब्रश न्यायला सुरुवात. फक्त हार्ड. दुपारी वेळ कमी असतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आज चहाच्या टेबलावर माझी अब्रू काढण्यात आली. ताईने विचारलं, भिंतीपलीकडून करकर आवाज कसला येतो? ही म्हणाली, हे झोपेत दात खातात. कधीपासून, असं ताईने विचारलं. हिने जराही विचार न करता सांगितलं, भाऊजींना बढती मिळाली त्या आठवड्यापासून.
योगायोग असतात.
साडू लगेच पुढे. म्हणाला, साडूभाऊ, हिरडीला फार वाईट ते, दाताच्या मापाचं गार्ड करून मिळतं, झोपताना घालायचं. याला माझ्या हिरडीबद्दल कुणी सांगितलं? हिनेच. माझं तोंड आता या घरात चर्चेचा विषय झालाय. नवरा-बायकोतली गोष्ट, सरळ साडूच्या पुढ्यात!
दातओठ खात खोलीत आलो. हे जागेपणी होतं, त्यामुळे यात धरायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
गेले एकदाचे. जाताना साडूने मिठी मारली. कोलगेटचा वास नाही, लवंगेचा नाही, कसलाच वास नाही माणसाला. त्याचाही राग आला.
ही म्हणाली, घर रिकामं रिकामं वाटतं. मला काहीच रिकामं वाटलं नाही.
माउथवॉशची बाटली मात्र चालूच आहे. साडू गेल्यावर कुणासाठी? फोनवर वास जात नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ९
आनंदाची बातमी! वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी उकळून घेतली आणि आरशात सुळा मोजला. साडेतीन! चाराचे साडेतीन! हिरडी अर्धा मिलिमीटर खाली आली. डॉक्टरबाईंना तोंडात मारल्यासारखं होणार आहे.
फोटोसाठी हसण्याची प्रॅक्टिस सुरू. ओठ डावीकडे जरा कमी उचलला की छान दिसतं.

५ मार्च
पुन्हा मोजला. पाच. पट्टी तिरकी धरली गेली असणार. साडेतीनच ग्राह्य धरतो.

१२ मार्च
गरम चहानेही कळ येते आता. नसा जाग्या होतायत, चांगलं लक्षण.
सफरचंद उजवीकडून खातो. तेही चिरून. ही फोडी करून ठेवते आणि बशी टेबलावर सरकवून लांब होते.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ८
डॉक्टरकडे ही पण आली. म्हणाली मलाही बाईंना काही विचारायचंय. मनात म्हटलं, विचार, साडूच्या टूथपेस्टचं नाव विचार.
मी खुर्चीत बसलो, ऐटीत तोंड उघडलं. सळई गेली. पाच.
मी म्हटलं, तुमची सळई तिरकी. त्यांनी पुन्हा मोजलं. पाच. सॉफ्ट ब्रश वापरता ना, म्हणाल्या. रोज, एक दिवस खाडा नाही, असं म्हणून बरोबर नेलेला ब्रश पुढे केला. नव्यासारखा, एक केस वाकडा नाही. बाई चक्रावल्या. एवढा हलका हात आणि हिरडी कशी जाते?
ही कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, मग्गात तीन ब्रश आहेत हो यांच्या. एकाचं पार झाडू झालंय.
मला समजावून सांगावं लागलं. ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर खुर्ची सरळ केली आणि म्हणाल्या, काका, ते लाकूड. ही कातडी. हिला पॉलिश होत नाही, ही फक्त झिजते. मग हळूच म्हणाल्या, डावीकडे जास्त झिजलीय, कारण उजव्या हाताचा सगळा जोर तिथे पडतो. दात खाण्यानेही हलतोय. आता कातडी शिवून देणार नाही, दोन महिने हात ताब्यात ठेवून दाखवा. नाही तर सुळा काढावा लागेल.
मला टेबलाची कड आठवली. पांढरं प्लाय. नको तेव्हा आठवतं माणसाला.

मग हिची पाळी. हिने मान खाली घालून विचारलं, तोंडाच्या वासावर काही औषध आहे का? बाईंनी तपासलं. दोनदा तपासलं. म्हणाल्या, काही वास नाही, दात-हिरड्या उत्तम, कुणी सांगितलं तुम्हाला?
कुणी नाही, ही म्हणाली. वर्षभर हे माझ्याशी बोलताना तोंडावर हात धरतात. मी जवळ गेले की मान फिरवतात. मला वाटलं, मलाच येत असेल. विचारायची लाज वाटली. माउथवॉश झाला, गोळ्या झाल्या, काही फरक पडेना.
मी काही बोलणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं की माझा हात तोंडावरच आहे.

१९ मार्च
कामाला गेलो नाही.
हिला सांगितलं. वास तुला नाही, मी सुळा झाकत होतो. कुणापासून, तिने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांपासून. ती म्हणाली, भाऊजींपासून ना? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, बरं.
मग म्हणाली, अहो, इतकी वर्षं लांब राहिले मी, तुम्हाला त्रास नको म्हणून. एक वर्ष, मी दुरुस्ती केली. ती म्हणाली, मला जास्त वाटलं.
फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. हे खोडायचं नाही.

२० मार्च. सकाळी
कालचं लिहिलं ते खरं आहे, पण आज एक मोठी बातमी. हिने आपणहून सांगितलं. साडूच्या हिरड्या शिवलेल्या आहेत! पाच वर्षांपूर्वी, चार दात. याच डॉक्टरबाईंकडे! त्याच्याही हिरड्या सरकल्या होत्या, टाळूची कातडी काढून लावली. म्हणून तो तसा पेन्सिल धरून बसतो. शिकवलंय त्याला.
मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ही म्हणाली, तुम्ही आधीच त्यांच्यावर जळता, त्यात आणखी कशाला तेल?
तेल कसलं, पाणी आहे हे! बाळाची टाच म्हणे. ठिगळं आहेत ठिगळं! इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. (हे मात्र खोडायला हवं.)
प्लॅन: रविवारी जेवणाच्या टेबलावर, सगळे असताना, सहज विषय काढायचा. अहो साडूभाऊ, टाळू कशी आहे आता? एवढंच. बाकी त्याने सांभाळावं.

२३ मार्च, रविवार. दुपारी ४
सासऱ्यांचा वाढदिवस. केक कापून झाला. मी घसा साफ केला. पाणी प्यायलो, कोमट. म्हटलं, अहो साडूभाऊ.
तेवढ्यात साडू उठून उभा राहिला. म्हणाला, साडूभाऊ, एक मिनिट, आधी मी सांगतो. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता ना, माझ्या दातांना दृष्ट लागेल? लागून झालीय! आणि सगळं सांगून टाकलं. शोरूमच्या नळांसारखे दात कसे घासायचा, टाळूचं कातडं कसं काढलं, पंधरा दिवस खिमट खाल्लं, बायकोने चमच्याने भरवलं. असं रंगवून सांगितलं की लोक टेबलावर थापा मारून हसत होते. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि शिवण बघायला मागितली. याने ओठ उचलून दाखवली.
ही हसत होती. माझ्याकडे बघून हसत होती, तोंड न झाकता.
माझ्याजवळ त्याचं एवढं एक होतं, तेही तो घेऊन गेला.
फोटो नेमका त्याच वेळी निघाला. सगळे साडूच्या तोंडात बघतायत. कॅमेऱ्याकडे एकटा मी. ओठ मिटलेले.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ७.३०
बाईंनी फोनवर सांगितलं होतं, हात धरून शिकवणारं कुणीतरी घरचं बघा. हिने कुणाला बोलावलं ते लिहायला माझं पेन धजत नाही.
साडू शोरूमला जाण्याआधी आला. बाथरूम चार बाय सहा, त्यात आम्ही दोन प्रौढ पुरुष. माझ्या मागे उभा राहून त्याने माझं मनगट धरलं आणि माझा हात माझ्या तोंडात फिरवला. हलकं, साडूभाऊ, हलकं. कातडी आहे. आरशात दोन चेहरे. एक हसरा.
हार्ड आणि मीडियम त्याने विचारून टाकून दिले. विचारलं, हे त्यातल्या त्यात बरं.

९ एप्रिल
चौदा सकाळी झाल्या. आज त्याने मनगट सोडलं आणि नुसता बघत राहिला. दोन मिनिटं. मग म्हणाला, जमलं. आवाज आला नाही.
मला बरं वाटलं. ही गोष्ट मी कुणालाही कळू देणार नाही.

२० मे, मंगळवार. संध्याकाळी ७
तपासणी. दोघं गेलो. सळई घातली. पाच.
मी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, छान! दोन महिन्यांत केसाएवढीही सरकली नाही. वाढली का, असं विचारलं. म्हणाल्या, काका, ती वाढत नाही, किती वेळा सांगू. जागच्या जागी राहिली हेच यश. पुढच्या महिन्यात शिवून देते, सुळा वाचेल.
मग म्हणाल्या, हात कुणी शिकवला? हिने सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. ते होय? माझे सगळ्यात आज्ञाधारक पेशंट! काय जीव लावून शिकवलंय त्यांनी, त्यांना माझ्याकडून नक्की थँक्यू सांगा, माझ्या बाकीच्या पेशंटनाही शिकवायला या म्हणावं.
माझ्या हिरडीच्या कौतुकाची तीन वाक्यं. किती वेळा सांगू धरून चार. साडूबद्दल पाच. मी मोजली.
येताना बसमध्ये ही खिडकीशी बसली, मी शेजारी. हल्ली खांद्याला खांदा लावून बसते. साडूला फोन करून निरोप देत होती, थँक्यू म्हणत होती, हसत होती. मी समोर बघत होतो. फोन ठेवून तिने माझ्या गालावर, जबड्याच्या जरा वर, बोट टेकवलं आणि म्हणाली, अहो, दात.
मी सोडले.